सांगाड्याची खोली

शाळेत मला मिळालेली खोली मुळात विज्ञानाच्या साहित्याची आहे. मी रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, "मॅडम, दोन महिन्यांत हे सगळं हलवतो बघा." ही गोष्ट २०१३ ची. बंद पडलेले सूक्ष्मदर्शक, रंग उडालेलं प्लॅस्टरचं हृदय आणि डाव्या हाताची तीन बोटं गमावलेला सांगाडा अजून माझ्या टेबलामागेच आहेत. पोरं खोलीला 'सांगाड्याची खोली' म्हणतात. सुरुवातीला दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. सहा महिन्यांत आपणहून किती मुलं आली म्हणाल तर दोन. त्यातला एक सांगाडा बघायला आला होता.

मग मी पाटी काढली आणि खोलीत काही वस्तू आणून ठेवल्या. सुईदोरा आणि बटणांचा डबा, सॅनिटरी पॅड, बामची बाटली, पट्ट्या-खोडरबर असलं किडुकमिडुक. आता इथं यायला प्रत्येकाला कारण आहे. 'माझं मन ठीक नाही' असं सांगायला आठवीतला पोरगा कुणाच्या दारात जाणार नाही, पण शर्टाचं बटण तुटलं म्हणून येतो. कधीकधी ते बटण मुद्दाम तोडून आणलेलं असतं. तुटलेला दोरा ताजा दिसतो. मी काही बोलत नाही, सुई ओवते. बटण लावायला साधारण चार मिनिटं लागतात, आणि चार मिनिटांत बरंच बोलून होतं. शिवाय शिवताना माझी मान खाली असते. डोळ्यांत डोळे घालून बोला, हे आम्हाला शिकवलं होतं. मला विचाराल तर तेराव्या-चौदाव्या वर्षी डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला कुणीही काही सांगत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या तीन शाळांत शालेय समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, इथंच केली. पगार शाळेचा नाही, एका संस्थेचा, अकरा महिन्यांच्या करारावर. दर मे महिन्यात मी रीतसर बेकार होते आणि जूनमध्ये पुन्हा कामाला लागते. शाळेच्या मंजूर पदांत मुख्याध्यापक आहेत, पर्यवेक्षक आहेत, शिक्षक, लिपिक, शिपाई आहेत. मी त्या यादीत नाही. त्यामुळे वार्षिक फोटोत उभं राहायचं की नाही, हा दरवर्षी एक छोटासा पेच असतो.

ज्यांना सोलापूर फक्त चादरी आणि शेंगा चटणीमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. पूर्व भाग म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती. पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या वळायला, अशी दोन-तीन पिढ्यांची घरं. मुलं घरात तेलुगू बोलतात, गल्लीत 'काय बे' वाली सोलापुरी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. तिन्ही भाषांत 'नैराश्य' हा शब्द कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. मुलांचे शब्द वेगळे. 'डोकं हँग झालंय.' 'कसंतरीच होतंय.' 'बोअर होतंय' हा तर सर्वांत फसवा, कारण त्यात खरोखरचा कंटाळाही असतो आणि रात्रभर न झोपणंही असतं. एकदा एक आजी नातीबद्दल म्हणाली, "मनसु बागालेदु." मन बरं नाही. तापाबद्दल सांगावं तसं, सहज. मला तो शब्द फार आवडला. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात मी तोच लिहून टाकला आणि संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, हे काय लिहिलंय म्हणून.

लोक विचारतात, म्हणजे तुम्ही कौन्सेलर का? थोडीशी. बोलणं ऐकायचं काम दोघींचंही. पण कौन्सेलरकडे मूल येतं आणि मी मुलाच्या घरी जाते. खोलीतल्या बोलण्यापेक्षा माझा जास्त वेळ स्कूटीवर, तहसीलमध्ये, सिव्हिलच्या रांगेत आणि लोकांच्या उंबऱ्यावर जातो. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती असते. तिचा फॉर्म भरायला आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, बँकेचं खातं लागतं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. हे नाव जुळवणं हा माझ्या कामाचा किती मोठा भाग आहे, हे सांगितलं तर मानसिक आरोग्यवाले हसतील. हसू देत. शिष्यवृत्ती अडकली की नववीतल्या मुलीच्या लग्नाचं बोलणं घरात एक पायरी पुढं सरकतं आणि ती मुलगी मग माझ्याकडे बाम मागायला येते.

सोमवारी पहिले दोन तास मी हजेरीपट बघते. वर्गशिक्षकांना हे आधी खटकायचं, आता सवय झाली. प्रश्नावल्याही करून पाहिल्या. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटले' वगैरे. एका वर्गात सव्वीस जणांची उत्तरं तंतोतंत सारखी आली, कारण पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं बघून सगळ्यांनी लिहिलं होतं. त्या दिवशी अख्खा वर्ग एकाच मापानं निराश होता. हजेरीपटात असली कॉपी चालत नाही. त्यात नक्षी असते. महिन्यातून ठरावीक चार दिवस न येणारी मुलगी, बाजाराच्या दिवशी न येणारा मुलगा, फक्त गणिताचा पहिला तास असलेल्या दिवशी उशिरा येणारे तिघं. नुसत्या 'गै' च्या ओळी वाचत राहायच्या.

अशाच ओळींत मला तो सापडला. आठवीत होता. नाव देत नाही, बदलूनही देत नाही, बाकीचे तपशीलही इकडचे तिकडे केलेत. सोमवार आणि गुरुवार गैरहजर. तीन महिने, एकही आठवडा न चुकता. आलेल्या दिवशी वर्गात झोपायचा आणि पोट दुखतं म्हणायचा. वर्गशिक्षक वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडे बासष्ट पोरं, त्यात बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्यूटी, त्यात ऑनलाइन माहिती भरणं. ते म्हणाले, "नाटकं आहेत मॅडम. मंगळवारी बरं पोटात दुखायला लागतं याच्या." पोटाची सोनोग्राफीही झाली होती. काही निघालं नव्हतं.

मी घरी गेले. दहा बाय बाराची खोली. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. गृहभेटीला गेलं की मी समोर बसते आणि त्यांचे हात चालू असतानाच बोलते. काम थांबवून माझ्याकडे बघा असं म्हणायचा मला अधिकार नाही. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय त्या घरात पैसा येत नाही. कोपऱ्यात वडील झोपलेले. एका हाताच्या मनगटापाशी फुगीर गाठ. ती बघितली आणि सोमवार-गुरुवारचं कोडं सुटलं. डायलिसिस. त्यासाठी मनगटापाशी शीर जोडून घेतात, तिथं अशी गाठ येते.

आईला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. हॉस्पिटलमधले कागद, जनआरोग्य योजनेचं काम, 'अंगठा इथं करा', 'रिपोर्ट तिकडं दाखवा', हे सगळं करणारा घरात एकच जण होता, तेरा वर्षांचा. चार तास मशीन चालायचं, तो बाहेरच्या बाकावर बसायचा. यात शाळा बुडत होती हे खरं, पण पोटदुखीचं आणि झोपेचं उत्तर त्यात मिळत नव्हतं. ते तिसऱ्या बटणाला मिळालं. (होय, तोही बटणं तोडून आणायचा.) म्हणाला, "मॅडम, नान्ना रात्री चोरून पाणी पितात." नान्ना म्हणजे वडील.

किडनीच्या पेशंटला दिवसाचं पाणी मोजून असतं. आणि हे सोलापूर आहे, एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. डॉक्टरांनी एकदा ह्या मुलासमोर वडिलांना दरडावलं होतं, "पाणी असंच पीत राहिलात तर एक दिवस छातीत भरेल आणि खेळ खलास." मुलानं ते मनावर घेतलं. तो रात्री माठापाशी झोपायचा. झोपायचा कसला, पहारा द्यायचा. तांब्याचा आवाज झाला की उठायचा आणि स्वतःच्या बापाच्या हातातून पाणी काढून घ्यायचा. बाप कधी रडायचा, कधी शिव्या द्यायचा. सकाळी सात वाजता पोरगा शाळेत.

आता ह्याला श्वासाचे व्यायाम शिकवू? मी शिकवलेही होते, पहिल्या दोन भेटींत, माझंच हसू येतं. त्याची भीती चुकीची नव्हती. तो जे ओळखून होता ते बरोबरच होतं. फक्त ते ओझं त्याच्या वयाचं नव्हतं. त्यामुळे काम होतं ते ओझं उचलून दुसरीकडे ठेवायचं. ह्याला दीड महिना लागला. डायलिसिसच्या तंत्रज्ञाला भेटले. त्या भल्या माणसानं वडिलांना मापाची बाटली दिली आणि मुलाला बाहेर पाठवून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलला. सकाळची पाळी बदलून दुपारची मिळाली. गुरुवार मामानं घेतला. मामाला तयार करायला मी तीन वेळा त्याच्या कारखान्याच्या दारात गेले, मागांच्या खडखडाटात ओरडून बोलले, आणि तिसऱ्या वेळी तो बहुधा माझ्या घशाची कीव येऊन हो म्हणाला. माठ आजीच्या खाटेखाली गेला. आजीनं मुलाला सांगितलं, आजपासून रात्रीचं पाणी माझ्याकडं, तू झोप. हे वाक्य आजीनंच म्हणायला हवं होतं. मी म्हणून उपयोग नव्हता.

पोटदुखी थांबली. वर्गशिक्षकांनी मला चहा पाजला.

पुढच्या वर्षी, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात वडील गेले. चौदाव्या दिवशी तो मुंडण केलेल्या डोक्यानं शाळेत आला. आदल्या दिवशी मी वर्गाशी बोलून ठेवलं होतं. काय झालं विचारू नका, टोपीला हात लावू नका, नेहमीच्या जागेवर नेहमीच्या मुलानं शेजारी बसावं. मुलं असं सांगितलं की ऐकतात. मोठी माणसं ऐकत नाहीत. एका शिक्षकांनी भर वर्गात "आता तूच घरचा कर्ता" म्हणून पाठ थोपटली. हे वाक्य आपल्याकडे किती पोरांच्या पाठीवर पडलंय देव जाणे.

मार्चमध्ये त्याची आई भेटली तेव्हा बोलताबोलता म्हणाली, सोमवारी ट्यूशनहून उशीर होतो त्याला. त्याला ट्यूशन नव्हती. सोमवारी शाळा सुटल्यावर तो कुठं जायचा ते मला त्या तंत्रज्ञाकडून कळलं. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या त्याच बाकावर जाऊन बसायचा. तासभर. दप्तर मांडीवर घेऊन. मग घरी. मी त्याला थांबवलं नाही. दोनदा मीही शेजारी जाऊन बसले. एकदा त्यानं एका नव्या पेशंटच्या मुलीला सांगितलं, की रिपोर्टची झेरॉक्स खाली पंधरा नंबरला काढ, वर जास्त पैसे घेतात. दिवाळीपर्यंत जात होता. दिवाळीनंतर आपणहून बंद झालं. मी अहवालात ह्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते मला समजलं नाही.

एमएसडब्ल्यूला असताना शालेय समाजकार्याचा इतिहास आम्ही पाच मार्कांच्या टिपेपुरता पाठ केला होता. १९०६-०७ च्या सुमारास न्यू यॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्डमध्ये 'भेट देणाऱ्या शिक्षिका' नेमल्या गेल्या, हे त्याचं पहिलं वाक्य. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, आणि वर्षभरातच तिथं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं, हे दुसरं. पाच मार्क मिळाले, विषय संपला. त्या अमेरिकन बायका करायच्या काय, हे मला ह्या मुलाच्या घरातून परत येताना, स्कूटी पंक्चर होऊन चालत असताना उमगलं. परमुलखातून आलेल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या कामगारांच्या घरी जायच्या आणि मूल शाळेत का येत नाही हे बघायच्या. म्हणजे हेच. शंभराहून जास्त वर्षं झाली आणि मी तेच जिने चढते आहे, फक्त इथं जिने लोखंडी आणि उन्हात तापलेले असतात.

खिचडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नववीतली एक मुलगी प्रार्थनेला चक्कर येऊन पडायची. आठवड्यातून दोनदा. एका मावशींचं म्हणणं अंगात येतं. एका मॅडमचं म्हणणं, मैत्रिणीशी भांडण झाल्यापासून सुरू झालंय, लक्ष वेधून घेते. माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर 'मानसिक' असं लिहून पाठवली. मीही दोन दिवस मैत्रिणीच्या भांडणात शोधत होते. उत्तर दिलं खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी. म्हणाल्या, "ती पोर गेल्या वर्षीपर्यंत दोनदा ताट पुढं करायची. आता कशी करंल? नववीला खिचडी नाही."

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. जूनमध्ये वर्ग बदलतो, पोट तेच असतं. सकाळी चहा पिऊन यायचं आणि दुपारी घरी जाऊन काय असेल ते, असं तिचं वेळापत्रक होतं. त्या मुलीचं पुढं काय केलं ते इथं लिहीत नाही, कारण जे केलं ते नियमात बसत नाही आणि खिचडीच्या बाई अजून नोकरीत आहेत. चक्कर थांबली इतकंच.

तेव्हापासून मी नव्या शाळेत गेले की आधी खिचडीच्या बाई, शिपाई मावशी आणि गेटवरचे काका ह्यांच्याशी ओळख करून घेते. कुणाचा डबा न उघडता परत जातो, कोण सुट्टी झाली तरी घरी जात नाही, कुणाला घ्यायला येणारा माणूस रोज वेगळा असतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारत नाही.

आता माझी चूक.

नववीतल्या एका मुलीच्या हातावर जखमा दिसल्या. स्वतःच केलेल्या. तिच्या मॅडमना पीटीच्या तासाला दिसल्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी म्हणालं, मोबाइलचा परिणाम. कुणी म्हणालं, दाखला देऊन टाका, उद्या काही झालं तर शाळेचं नाव जाईल. मुलगी माझ्यासमोर बसली आणि अर्धा तास सांगाड्याकडे बघत राहिली. मग थोडं बोलली. घरच्यांना सांगू नका, म्हणाली. मी म्हणाले, बघू.

हे 'बघू' मी आयुष्यात विसरणार नाही. मला माहीत होतं की सांगावं लागणार. सांगायलाच हवं होतं, तिच्या जिवाचा प्रश्न होता. पण कुणी सांगायचं, काय सांगायचं, कधी, ती समोर असताना की नसताना, हे तिच्याबरोबर बसून ठरवता आलं असतं. मी तिला वर्गात पाठवलं, आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमधून, ते समोर बसलेले असताना, तिच्या आईला फोन लावला. माझं दडपण होतं ते. शाळेनं काही केलं असं दिसायला हवं होतं, आणि ते 'काही' मी करून दाखवलं. आई विड्या टाकून धावत आली, केबिनबाहेरच तिला एक ठेवून दिली, आणि ती मुलगी माझ्याकडे वळून बघत होती.

सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन गेलो, उपचार सुरू झाले, आई नंतर सावरली आणि फार चांगली वागली. सगळं नीट पार पडलं असं अहवालात आहे आणि ते खोटं नाही. पण मुलगी चार महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करायची.

तेव्हापासून पहिल्या भेटीतच, सुई ओवायच्या आधी, मी सांगून टाकते. तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तीन गोष्टी राहणार नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल तर, तू कुणाच्या जिवाला धोका करणार असशील तर, आणि कुणी तुझ्या शरीराशी वाईट वागत असेल तर. अशा वेळी मला दुसऱ्या माणसाला सांगावंच लागतं, पण तुला सांगितल्याशिवाय सांगणार नाही. तिसऱ्या गोष्टीला कायदाच आहे. २०१२ चा पॉक्सो, त्यातलं कलम १९. माहिती असून कळवलं नाही तर तो गुन्हा. शाळांना ह्या कलमाची भीती वाटते ती उलट्या बाजूनं, कळवलं तर काय होईल ह्याची. एकदा असं सगळं सांगून झाल्यावर सातवीतली एक चिमुरडी म्हणाली, "मग मी सांगू की नको?" मी म्हणाले, तू विचार कर, मी मंगळवार आणि शुक्रवार इथंच असते. ती शुक्रवारी आली. त्याबद्दल इथं एवढंच.

मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा, टेलिमानसचा १४४१६ हे नंबर आम्ही आधी सूचना फलकावर लावले होते. फलकासमोर उभं राहून नंबर टिपून घेणारं मूल उद्या वर्गात काय ऐकेल, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते मुलामुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांवर, आतल्या बाजूनं आहेत. दर दोन महिन्यांनी कुणीतरी खरवडतं, आम्ही पुन्हा चिकटवतो. मुलींच्या बाजूला एका नंबराखाली बॉलपेननं 'खरंच उचलतात' असं कुणीतरी लिहून ठेवलंय. ते अक्षर मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात न्यायालयानं देशभरासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. 'समाजकार्यकर्ता' हा शब्द तिथं बघून मी खुर्चीतून उठले होते, खोटं कशाला बोलू. मुख्याध्यापकांनीच मला मेसेज फॉरवर्ड केला, खाली लिहिलं, 'अभिनंदन, आता तुमची पोस्ट पक्की!!' मे महिन्यात करार संपला. जूनमध्ये नवा झाला. अकरा महिन्यांचा.

माझी शंका वेगळीच आहे. नेमणूक होईलही. कागदावर नाव चढेल. चित्रकलेच्या सरांना तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन हे भरलं जाईल, आणि दारावर पुन्हा एक पाटी लागेल. बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला होता. माझ्या तीन शाळांत आठवी ते दहावी अकराशेच्या आसपास मुलं आहेत. म्हणजे ऐंशी. त्या वर्षी माझ्या रजिस्टरमध्ये चौतीस नावं होती, आणि त्यातली निम्मी तरी आजारी नव्हतीच, त्यांचं घर आजारी होतं किंवा रेशन कार्ड. मग उरलेली साठ-पासष्ट मुलं कुठं होती? त्याच हजेरीपटात, 'ह' लावून, नियमित येत. त्यांची नक्षी मला वाचता येत नाही. रात्री जागी असते तेव्हा हाच हिशेब चालू असतो.

त्या निकालातली मला सर्वांत आवडलेली ओळ मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं, ते शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. म्हणजे गेटवरच्या काकांनाही. मी ते काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "चहा-नाष्टा असतो का?"

ती माझ्याशी न बोलणारी मुलगी. चार महिन्यांनी एकदा पॅड घ्यायला आली. डब्यातून घेतलं, गेली. पुढच्या महिन्यात आली तेव्हा म्हणाली, डबा रिकामा होत आलाय. हे तिचं पहिलं वाक्य. दहावीच्या वर्षात पाच-सहा वेळा येऊन बसली. फार बोलली नाही. एकदा सांगाड्याच्या उरलेल्या बोटांना तिनं मोजमाप घेऊन लोकरीचा हातमोजा विणला, तो अजून आहे. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका घेऊन वर आली. पास झाली होती, बऱ्यापैकी. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"मॅडम, त्या दिवशी आईला फोन करायच्या आधी मला विचारायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो," मी म्हणाले. "चुकलं माझं."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, अकरावीच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतोय, तहसीलला कधी जाऊया. मी म्हणाले, उद्या अकराला, येताना आईचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र असेल तर घेऊन ये.